पाच-सहा पावसाळे धुऱ्यावर पडलेली अवजारं: दुरुस्त करावी की भंगारात द्यावी?

वावर_दारव्हा

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्हा, दारव्हा तालुका. वावर १४ एकर, त्यात ९ एकर भारी काळं आणि ५ एकर मुरमाड. पीक कापूस, सोयाबीन, तूर. ट्रॅक्टर ४२ एचपी. धुऱ्यावर कडुनिंबाखाली ही अवजारं पाच-सहा वर्षं उघड्यावर पडून आहेत:

१) दोन फाळी हायड्रॉलिक पलटी नांगर. फाळ झिजलेले, मोल्डबोर्डवर (माती पलटवणाऱ्या वाकड्या पत्र्यावर) गंजाचे खड्डे, सिलिंडर हलत नाही, होज पाइप तडकलेले.
२) सहा फुटी रोटाव्हेटर, ४२ पात्यांचा. पाती अर्धी झिजली आहेत. रोटर हाताने जेमतेम फिरतो, गिअर बॉक्सखाली तेलाचा जुना डाग आहे.
३) नऊ दाती स्प्रिंगची पंजी (कल्टिव्हेटर). दोन स्प्रिंगा तुटलेल्या, फाळ संपलेले.
४) बैलाचा जुना लोखंडी नांगर आणि एक वखर.

इथल्या वेल्डरने अंदाज दिला तो असा: पंजीचे ५,०००, पलटीचे १२,०००, रोटाव्हेटरचे ३५,०००. भंगारवाला सरसकट ३० रुपये किलो म्हणतो. उन्हाळवाही तोंडावर आहे. कशावर पैसा घालावा आणि काय सोडून द्यावं? नुसतं "करून टाका" किंवा "विकून टाका" नको. तपासायचं काय आणि कसं, ते सांगा.

लोखंडकाम_आर्णी

भाऊ, गंज पाहून निर्णय घेऊ नका. गंज वरचा असतो, तो निघतो. प्रत्येक अवजाराचे दोन भाग धरा. एक झिजण्यासाठीच बनवलेला: फाळ, पाती, बुश, पिना, सील, बेअरिंग. हा भाग कितीही खराब असला तरी घाबरायचं कारण नाही, तो बदलायचाच असतो. दुसरा भाग म्हणजे ज्यावर हे सगळं बसतं तो: फ्रेम, नांगराचा शँक (फाळ धरणारा दांडा), गिअर बॉक्सची बॉडी, रोटरचा पाइप. यात वाक किंवा चीर असेल तर वरचा सगळा खर्च पाण्यात जातो. म्हणून आधी दुसरा भाग तपासा, तोही एक रुपया न घालवता.

फ्रेमसाठी सुतळी घ्या. पंजीच्या चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा. फरक दोन सुतांपर्यंत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) असेल तर चालतं. त्याहून जास्त असेल तर फ्रेम तिरपी झाली आहे, ट्रॅक्टरमागे एका बाजूला ओढेल.

चीर शोधायला खडू वापरा. वेल्डिंगच्या जागा, विशेषतः टॉप लिंकचा (ट्रॅक्टरला वरून जोडणाऱ्या दांड्याचा) खांब आणि खालच्या पिनांच्या पट्ट्या, वायर ब्रशने पांढऱ्या होईतो घासा. त्यावर डिझेल लावा, दहा मिनिटं मुरू द्या आणि कोरड्या फडक्याने स्वच्छ पुसून घ्या. मग खडूची पूड चोळा आणि हातोडीने बाजूला हलके ठोके द्या. चीर असेल तर आत मुरलेलं डिझेल बाहेर येतं आणि पांढऱ्या खडूवर केसासारखी काळी रेघ उमटते. डोळ्यांना न दिसणारी चीरही यात सापडते.

चीर सापडली म्हणून अवजार बाद होत नाही. तिच्या दोन्ही टोकांना ५-६ मिमीचं भोक पाडा, म्हणजे ती पुढे पळत नाही. ग्राइंडरने व्ही आकाराची खाच काढा आणि ७०१८ रॉडने थोडं थोडं भरा. रॉड कोरडा हवा, दमट रॉडने वेल्डिंगमध्ये बारीक छिद्रं राहतात आणि तिथूनच पुन्हा तडकतं. वर पट्टी लावायची तर तिची टोकं तिरपी कापा. फ्रेमच्या पाइपाला आडवा सरळ वेल्ड मारला की पुढची चीर बरोबर त्या वेल्डच्या कडेने येते.

पिनांची भोकंही पाहा. ट्रॅक्टर-जोडणीच्या मापांपैकी कॅटेगरी १ ला वरची पिन १९ मिमी आणि खालची २२ मिमी, कॅटेगरी २ ला २५ आणि २८. भोक लांबट झालं असेल तर नुसती जाड पिन घालू नका. भोक मोठं करून आत बुश बसवून वेल्ड करा.

पंजीबद्दल विचार करत बसायची गरजच नाही, ती करून घ्या. फाळ दोन्ही टोकांनी वापरता येणारे असतील तर आधी उलटवून पाहा, एक टोक कोरं असू शकतं. स्प्रिंगा मात्र दोनच बदलू नका. उरलेल्या सगळ्या जमिनीवर शेजारी उभ्या करा. ज्यांची उंची बाकीच्यांपेक्षा वेगळी पडली त्या थकलेल्या. नव्या-जुन्या मिसळल्या तर जुन्या दातांना माती मागे ढकलते आणि तेवढ्या पट्ट्यात वाही उथळ राहते.

काळी_कसदार

पलटीबद्दल सविस्तर लिहितो, कारण आपल्या काळ्या मातीत खरा घोळ इथेच होतो.

पहिली गोष्ट मोल्डबोर्डची. भारी काळी माती ओली असली की चिकटते. मोल्डबोर्ड आरशासारखा असेल तरच माती त्यावरून सरकते. खड्डे पडलेल्या पत्र्यावर ती थांबते, थरावर थर चढतो आणि मग नांगर माती पलटवत नाही, नुसती बाजूला लोटतो. ट्रॅक्टरवरचा ओढा वाढतो तो वेगळाच. तपासायचं असं: गंज काढल्यावर नख आडवं फिरवा. नख अडखळत नसेल तर उत्तम. जरासं अडखळत असेल, खड्डा अर्ध्या मिलिमीटरच्या आत असेल, तर घासून निघतो. नख आत बसत असेल तर तो मोल्डबोर्ड काळ्या रानासाठी संपला. काही मोल्डबोर्ड तीन थरांचे असतात, वर-खाली कडक पोलाद आणि मध्ये मऊ. अशाला खोलवर घासलं तर कडक थर निघून जातो आणि मऊ पत्र्यावर माती आणखीच चिकटते.

गंज काढायला ग्राइंडर लगेच लावू नका. नांगराच्या सुट्या भागांसाठी सोड्याचं पाणी सोपं पडतं. प्लास्टिकच्या टाकीत दर ४-५ लिटर पाण्याला एक मोठा चमचा धुण्याचा सोडा टाका. १२ व्होल्टच्या चार्जरचं ऋण टोक गंजलेल्या भागाला आणि धन टोक टाकाऊ साध्या लोखंडी पट्टीला जोडा. दोन्ही एकमेकांना टेकू देऊ नका. एक दिवसात गंज काळ्या गाळासारखा सुटतो, मग ब्रशने निघतो. धन टोकाला स्टेनलेस स्टील चुकूनही लावू नका, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. टाकी मोकळ्या हवेत ठेवा, विडी-काडी दूर, कारण बुडबुडे हायड्रोजनचे असतात. भाग उचलायच्या आधी चार्जर बंद करा. पंजीच्या स्प्रिंगा या पाण्यात टाकू नका, कडक पोलादात हायड्रोजन शिरला की ते ठिसूळ होतं.

नंतर फ्लॅप डिस्कने ६०, ८०, १२० अशा क्रमाने घासा, आणि माती ज्या दिशेने सरकते त्याच दिशेने. आडव्या रेघा राहिल्या की त्यातच माती धरते. एका जागी डिस्क दाबून धरू नका. पत्रा निळा पडला की तिथला कडकपणा गेला.

दुसरी गोष्ट फाळाचा दम, म्हणजे जमिनीत घुसण्याची ओढ. फाळाच्या टोकापासून लँडसाइडच्या (तासाच्या भिंतीला घासत चालणाऱ्या बाजूच्या पट्टीच्या) मागच्या टाचेपर्यंत खालून सरळ पट्टी धरा. मध्ये, फाळ आणि लँडसाइड जुळतात तिथे, फट दिसली पाहिजे. साधारण दीड-दोन सूत असली की नांगर स्वतःहून खाली ओढतो. फट शून्य असेल तर तो वर तरंगतो. मग लोक टॉप लिंक आखूड करून नांगर नाकावर उभा करतात. त्याने पुढचा फाळ खोल, मागचा उथळ, डिझेल दुप्पट आणि तळ वर-खाली, असं होतं. दोष टॉप लिंकचा नसतो, फाळाच्या टोकाचा असतो. नांगराला बार (फाळाच्या टोकाशी बसणारी सरकती सळई) असेल तर बार पुढे सरकवा किंवा उलटवा. नसेल तर फाळ बदला, आणि लँडसाइड झिजली असेल तर तीही, कारण एकट्या फाळाने फट नीट बसत नाही.

फाळाचे बोल्ट चौकोनी मानेचे, सपाट डोक्याचेच घ्या, ८.८ किंवा त्यावरच्या ग्रेडचे. डोकं पत्र्याच्या वर राहिलं तर त्यामागे माती धरते. जुना बोल्ट सुटत नसेल तर रात्रभर डिझेल मुरू द्या, मग नट लाल होईतो तापवा आणि थंड होताना फिरवा. बोल्ट तुटला आणि बुंधा वर उरला असेल तर त्यावर नट ठेवून मधून वेल्ड करा. त्या उष्णतेनेच तो सुटतो.

सिलिंडर तापवून सोडवायचा विचारही करू नका. आत तेल असतं, ते फुटतं. आधी होज काढून तेल निथळू द्या. रॉड बाहेर ओढून चकचकीत भागावर बोट फिरवा. सील जिथून सरकतं त्या टप्प्यात खड्डे असतील तर नवीन सील किट महिनाभरही टिकत नाही, खड्ड्याच्या काठाने सील कापलं जातं. अशावेळी रॉड बदलावा किंवा क्रोम करून घ्यावा, नाहीतर दुसरा सिलिंडर. रॉड गुळगुळीत असेल तर फक्त सील किट आणि दोन होज. चालू केल्यावर गळती हाताने चाचपू नका, पुठ्ठा धरा. दाबाचं तेल कातडीत घुसतं.

एक सोय तुमच्याकडे आहे, भाऊ: ५ एकर मुरमाड. नवा घासलेला मोल्डबोर्ड आधी तिथे चालवा. मुरूम त्याला जशी चकाकी आणतो तशी कोणतीच डिस्क आणत नाही. मग काळ्यात घाला. दोन फाळीला ४५-५० एचपी बरा, ४२ वर ओढायचा तर आठ इंचांपेक्षा खोल जाऊ नका. खोल नांगरट दरवर्षी करायची नसतेच, भारी जमिनीत तीन वर्षांतून एकदा पुरते.

लोखंडकाम_आर्णी

वरच्यात एक भर. मोल्डबोर्डला रंग देऊ नका. रंग फ्रेमला. हंगाम संपला की मोल्डबोर्ड आणि फाळाला ग्रीसचा थर द्या आणि नांगर लाकडी ओंडक्यावर ठेवा. मातीला टेकलेलं टोक आधी गंजतं.

पीटीओ_५४०

रोटाव्हेटरवर ३५,००० घालण्याआधी अर्ध्या तासाची तपासणी करा. या क्रमानेच करा, कारण पहिल्याच पायरीवर उत्तर मिळू शकतं.

गिअर बॉक्सचा खालचा बूच काढा आणि तेल पांढऱ्या डब्यात घ्या. काळं असेल तर हरकत नाही. दुधाळ चहासारखं असेल तर आत पाणी गेलं आहे, आणि पाच पावसाळे पाणी राहिलं असेल तर बेअरिंग नक्की गेले. तेलात चुंबक फिरवा. बारीक राख चिकटली तर ती नेहमीची झीज. चमकते कण किंवा दाताचा तुकडा निघाला तर वरचं झाकण काढून क्राउन आणि पिनियनचा (आतल्या मोठ्या आणि लहान दातेरी चाकाचा) एक एक दात पाहावाच लागेल. एक जरी दात तुटला असेल तर दोन्ही जोडीनेच बदलावे लागतात, एकट्याची जुळणी बसत नाही.

नंतर रोटर. रोटाव्हेटर ओंडक्यांवर टेकवा. नुसत्या ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकवर उचलून खाली हात घालू नका. पाइपाच्या मध्यावर तारेचं टोक स्थिर बांधून रोटर हाताने फिरवा. तारेतलं अंतर फिरताना एक सुतापर्यंत बदललं तर चालतं. दोन-तीन सूत असेल तर पाइप वाकला आहे. तो दर फेऱ्याला बेअरिंगला धक्का देतो आणि नवीन बेअरिंगही उडवतो.

बाजूच्या सीलपाशी गुंडाळलेली पऱ्हाटीची साल, ठिबकच्या नळीचे तुकडे, प्लास्टिक कापून काढा. सील खराब होण्याचं पहिलं कारण हेच. दुसरं कारण कोणी पाहत नाही: गिअर बॉक्सवरचा श्वास, म्हणजे ब्रीदर. तो मातीने बुजला की आतली गरम हवा कोंडते आणि सील बाहेर ढकलते. सील दोनदा बदलूनही तेल गळत असेल तर तो बारीक बूच डिझेलने धुऊन पाहा. आणि शाफ्टवर जिथे सील घासतं तिथे खोबण पडली असेल तर नवीन सील त्याच जागी बसवू नका, मिलिमीटर-दोन आत किंवा बाहेर बसवा.

पाती बदलायची तर सगळी ४२ एकदम, २१ डावी, २१ उजवी. जुन्या-नव्याच्या वजनात फरक पडला की थरथर सुरू होते. पात्यांचा क्रम मळसूत्रासारखा असतो, म्हणून काढायच्या आधी मोबाइलवर फोटो घ्या. क्रम चुकला तर दोन पाती एकाच वेळी जमिनीवर आपटतात. प्रोपेलर शाफ्ट जोडताना दोन्ही टोकांचे दुबेळके (क्रॉस धरणारे दोन फाट्यांचे भाग) एका रेषेत हवेत. एक आडवं, एक उभं बसलं तर क्रॉस आठवड्यात जातो. जुळणी झाल्यावर गिअर तेल ९० पातळीच्या बुचापर्यंत भरा, अर्धा तास रिकामा चालवा, बंद करून बेअरिंगच्या घरावर हात ठेवा. हात ठेवता येत नसेल तर बेअरिंग घट्ट बसले आहेत, शिम (पातळ पत्र्याची चकती) घाला.

वेल्डिंग करताना अर्थिंगचा चिमटा वेल्डच्या अगदी जवळ लावा. दुसऱ्या टोकाला लावला तर करंट बेअरिंगमधून जातो आणि गोळ्यांवर डाग पडतात.

वावर_दारव्हा

सगळ्यांचे मनापासून आभार. काल-आज तपासलं. पंजीच्या कर्णात फरक एक सूत, चीर नाही. पलटीच्या खालच्या एका पट्टीवर दोन इंचांची चीर खडूवर उमटली. एका मोल्डबोर्डवर नख अडखळत नाही, दुसऱ्यावर खालच्या कोपऱ्यात तळहाताएवढ्या जागेत जरासं अडखळतं. सिलिंडरचा रॉड आत दबलेला होता म्हणून गुळगुळीत निघाला. रोटाव्हेटरचं तेल दुधाळ, चुंबकाला दाताचा तुकडा लागला, आणि रोटर मध्यावर तीन सूत मारतो. पात्यांचा इथला भाव १३० रुपये नग आहे.

पीटीओ_५४०

मग हिशेब सरळ आहे. पाती ४२ गुणिले १३० म्हणजे ५,४६०. त्यावर क्राउन-पिनियनची जोडी, सगळे बेअरिंग, सील, वाकलेला पाइप सरळ करणं किंवा बदलणं. ३५,००० चा अंदाज बहुतेक दात न पाहता दिलेला आहे, झाकण उघडल्यावर तो वाढेलच. वर तुमचं काम १४ एकरांचं, वर्षातून एक-दोन पाळ्या. हा रोटाव्हेटर सोडा. पण तसाच काट्यावर टाकू नका. साइड प्लेट, मागची फळी, थ्री पॉइंटचा खांब आणि प्रोपेलर शाफ्ट चांगले असतील तर वेगळे काढा. रोटाव्हेटर दुरुस्त करणारे हे भाग भंगारापेक्षा जास्त भावाने घेतात.

काळी_कसदार

सहमत, आणि मातीच्या बाजूनेही. ओलसर काळ्या रानात रोटाव्हेटर सारखा फिरला की पात्यांच्या टोकाखाली चार-पाच इंचांवर घट्ट थर बनतो. कापूस आणि तुरीची सोटमुळी तिथे अडते, पाणीही मुरत नाही. पऱ्हाटीचा भुगा करून गुलाबी बोंडअळीचे कोष मोडायला तो उपयोगी आहे हे खरं, पण त्यासाठी वर्षातून एक दिवस भाड्याने आणलेलं यंत्र पुरतं.

पुढे नवीन घ्यायचाच झाला तर महाडीबीटीवर (राज्य सरकारच्या अनुदान पोर्टलवर) अर्ज करा. केंद्राच्या कृषी यांत्रिकीकरण उपअभियानात अनुसूचित जाती-जमाती, महिला, अल्प व अत्यल्प भूधारक यांना ५० टक्के आणि इतरांना ४० टक्के अनुदान आहे, ठरलेल्या कमाल मर्यादेत. पूर्वसंमती हातात पडल्याशिवाय बिल करू नका, आधी केलेली खरेदी धरत नाहीत. २२ सप्टेंबर २०२५ पासून मशागतीच्या अवजारांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला आहे, दुकानदाराच्या कोटेशनमध्ये तो तपासा.

पलटी मात्र जरूर करा. मोल्डबोर्ड वाचले आहेत, रॉड वाचला आहे. ज्याचा रॉड आत दबून राहिला तो सिलिंडर बहुतेकदा वाचतोच, म्हणून पुढेही ठेवताना रॉड आत घेऊनच ठेवा.

लोखंडकाम_आर्णी

पट्टीवरची दोन इंची चीर भरू नका. ती पट्टी खालच्या पिनेची आहे, सगळा ओढा तिच्यावर येतो. कापून काढा आणि त्याच जाडीची नवी पट्टी बसवा. बसवताना समोरच्या पट्टीतून आणि नव्या पट्टीतून एकच सरळ सळई घालून मगच टॅक (तात्पुरता ठिपक्याचा वेल्ड) मारा, म्हणजे दोन्ही भोकं एका रेषेत राहतात.

बैलाच्या नांगराबद्दल कोणी बोललं नाही. १९०३ साली किर्लोस्करांनी बेळगावात पहिला लोखंडी नांगर काढला, तेव्हापासून अशा नांगरांत बिडाचे (ओतीव लोखंडाचे) भाग असतात. वेल्ड करण्याआधी ठिणगी पाहा. ग्राइंडर टेकवल्यावर ठिणग्या आखूड, लालसर आणि लगेच विझणाऱ्या निघाल्या तर बीड. लांब, पिवळसर सरळ रेघा निघाल्या तर साधं लोखंड. बिडावर साधा ६०१३ रॉड मारला की थंड होताना वेल्डच्या शेजारी कट्‌ असा आवाज येतो आणि नवी चीर पडते. त्याला निकेलचा रॉड लागतो. एका वेळी इंचभर वेल्ड, लगेच हातोडीने हलके ठोके, हाताला सोसेल इतकं थंड होऊ देणं, मग पुढचा इंच. किंवा पितळेची ब्रेझिंग.

वखर तर टाकूच नका. मृगाच्या आधी ढेकळं फोडायला आणि पहिल्या पावसानंतर उगवलेलं तण कापायला पंजीपेक्षा तो बरा. पास (वखराचं लोखंडी पातं) झिजली असेल तर लोहाराकडून ट्रकच्या कमानीच्या पाट्यातून नवी करून घ्या. धार पुढच्या बाजूला, आणि पाणी (तापवून विझवून कडक करणं) फक्त धारेला द्यायला सांगा. अख्खी पास कडक केली तर दगडाला लागताच तुटते. जानकुडं (पास धरणारे खुंट) हलत असतील तर आधी ती ठोका. पास कितीही चांगली असली तरी सैल जानकुडावर ती एका बाजूने वर उचलली जाते आणि तण तसंच राहतं.

वावर_दारव्हा

एकच शंका उरली. पलटीच्या मोल्डबोर्डवरची ती तळहाताएवढी जागा कोणत्या डिस्कने सुरू करू?

काळी_कसदार

६० ने नको. आधी ८० ने, फाळाकडून वरच्या टोकाकडे, लांब हात मारत. खड्ड्याच्या आसपासची वीतभर जागाही सोबत घासा. फक्त खड्ड्यावरच घासलं तर तिथे वाटी तयार होते, आणि माती वाटीतच धरते. दर दोन मिनिटांनी हात लावून पाहा, चटका बसला की थांबा.